चिमूटभर काळी पूड

माझी धाकटी बहीण मृणाल बॅटरीच्या कॅथोडसाठी, म्हणजे तिच्या धन टोकासाठी, जास्त वीज साठवणारा नवा पदार्थ शोधते. परवा तिच्या प्रयोगशाळेत गेले, तेव्हा ती खलात काळी पूड घोटत होती. काजळासारखी मऊ! त्याच पुडीची बटणाएवढी बॅटरी शेजारी चाचणीला लावली होती. याआधीचे कितीतरी पदार्थ चार-दोनदा चार्ज होऊन निकामी झाले होते. या वेळी मात्र पडद्यावरची बॅटरीच्या क्षमतेची रेघ खाली यायचं नावच घेत नव्हती.

"ताई, बघ ना! अजून टिकून आहे!" तिनं माझा हात घट्ट धरला.

आमचे बाबा ऑक्सिजनचं यंत्र खांद्याला अडकवून फिरतात. त्याची बॅटरी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंतच पुरते. एखाद्या माणसाचं जग केवढं असावं, हे चिमूटभर पुडीनं ठरवावं, याचं मला फार नवल वाटलं.

मृणालनं तिथूनच बाबांना फोन लावला. "बाबा, जमतंय असं वाटतंय! पण तुमच्या यंत्रात यायला बरीच वर्षं लागतील हं."

"लागू देत," बाबा धापा टाकत हसले. "तोवर मी चालायचा सराव वाढवतो."