चाचांचा उजवा कान

माझगावच्या आमच्या वाचनालयात शनिवारी चर्चा असते. तिथे येणाऱ्या एका चाचांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांच्याच मताचं कुणी बोलू लागलं, की ते तोच कान त्याच्याकडे करतात. "याचं मला पाठ आहे," म्हणतात.

परवा विषय सुंतेचा होता. मुलगा मोठा झाल्यावर त्यालाच ठरवू द्यावं, असं मी चाचरत म्हणाले.

"पोरीला काय कळतं यातलं? बस खाली!" मागून ओरडा झाला.

चाचांनी नुकतीच नातवाची सुंता केली होती. ते खुर्ची उचलून माझ्यासमोर आले आणि उजवा कान पुढे करून बसले. "बोल बेटा. पटणार नाय मला, पण पूरा ऐकू दे."

मी सगळं बोलले.

"नाय पटलं," ते म्हणाले.

एवढं पूर्ण ऐकून मला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. मी ताठ मानेने घरी गेले.