मीनलच्या फाईलमधल्या दोन सुनीता

विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, परीक्षेच्या वेळापत्रकाखाली, मीनल गेल्याचा निरोप आला. मी तो दोनदा वाचला आणि तिलाच फोन लावला... इतकी सवय होती. तिच्या नवऱ्यानं उचलला. "वर्षाताई, पहाटे गेली," एवढंच म्हणाले.

नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही दोघी एकाच वर्षी संख्याशास्त्र शिकवायला लागलो. मला गावोगाव फिरून माहिती गोळा करायला आवडायचं, तिला संगणकासमोर बसायला. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मुलींची रक्ततपासणी झाली, तेव्हा नोंदी घ्यायला मी गेले. नावं आणि हिमोग्लोबिनचे आकडे मी मीनलच्या लॅपटॉपवर भरले. त्यातून कुणाचं रक्त कमी, कुणाचं ठीक, अशी यादी काढायचं काम तिचं. तिनं दिलेली यादी मी शाळेत वाचून दाखवली. सुनीता नावाच्या मुलीला म्हणालेही, "तू एकदम ठणठणीत आहेस हं!" महिन्याभरात ती प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. नाशिकला आणून रक्त चढवलं, म्हणून वाचली. दवाखान्याच्या जिन्यात तिची आई भेटली. ओरडली नाही, रडली नाही. "बाई, तुमच्या कागदात माझी पोर बरी व्हती ना?" एवढंच विचारलं.

सगळ्या मुलींची तपासणी पुन्हा झाली, तेव्हा कळलं की जवळजवळ सगळी यादीच चुकली होती. चौकशीच्या बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "आकडे कुणी भरले?" मी म्हणाले, "मी." मूळ फाईल मागितली, तर मीनल टेबलाकडे बघत म्हणाली, "ती उडाली, सर." बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. "जाऊ दे गं, दमलेली होतीस तू... एखादी ओळ खालीवर होते." मला ते पटलं. मी सर्वेक्षणं सोडली, अर्धी झालेली पीएचडी सोडली, ज्युनिअर कॉलेजात गेले. मीनल पुढं विभागप्रमुख झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. इतकं होऊनही हिनं आपल्याला टाकलं नाही, असं वाटून मला भरून यायचं.

ती गेल्यावर तिची उरलेली प्रात्यक्षिकं घ्याल का, असं कॉलेजनं मला विचारलं. तिच्या नवऱ्यानं लॅपटॉप आणून दिला. उदाहरणासाठी एखादी फाईल शोधताना जुन्या फोल्डरमध्ये आश्रमशाळेचं नाव दिसलं. मी भरलेली फाईल तिथंच होती. बिनचूक, दुसऱ्या तपासणीशी जुळणारी. शेजारी मीनलचा प्रोग्राम. पहिल्या रकान्यातलं मुलीचं नाव हीच प्रत्येक ओळीची ओळख धर, असं प्रोग्रामला सांगितलं, तर तो एकच नाव दोनदा चालवून घेत नाही, अडतो. शाळेत एकाच नावा-आडनावाच्या दोन सुनीता होत्या. अडलेलं काम पुढं सरकावं म्हणून मीनलनं नावंच बाजूला काढली, ओळींना नुसते क्रमांक दिले, त्या हिमोग्लोबिनच्या चढत्या क्रमानं लावल्या आणि शेवटी नावं जुन्याच क्रमानं पुन्हा चिकटवली. एकीचं रक्त दुसरीच्या नावावर गेलं. प्रोग्राममध्ये त्याच जागी तिनं स्वतःसाठी लिहिलं होतं, "नावं इथे सरकली. वर्षाला सांगायचं." तारीख बैठकीच्या आदल्या दिवशीची.

म्हणजे माझा हात धरला, तेव्हा तिला माहीत होतं. प्रत्येक रविवारी माहीत होतं. मी तिच्यासाठी रडले होते त्याची मला लाज वाटली, आणि भांडायला ती नव्हती...

पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुलांना फाईल उघडायला सांगितली. कुणी घाई केली नाही. सगळ्यांनी वह्या काढल्या. पहिली, मधली आणि शेवटची ओळ हातानं उतरवून घेतली, नावं कुठं दोनदा आलीत ते पाहिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"मीनल मॅडमची सवय," पुढची मुलगी म्हणाली. "शेवटी नावं सरकली नाहीत ना, ते या ओळींशी ताडायचं. याच्याशिवाय त्या पुढं जाऊच द्यायच्या नाहीत. आमच्या सीनियर्सनाही हेच."

म्हणजे दर वर्षी, प्रत्येक बॅचला तिनं हे सांगितलं होतं. फक्त मला सोडून. मी बाकांमधून फिरले, एकेकाच्या वहीतल्या तीन ओळी पडद्याशी ताडून पाहिल्या, आणि मग म्हणाले, "करा पुढं."