साडूभाऊंचा आवाज

बीड जिल्ह्याचं राजकारण मुंबईत शिजतं असं पेपरवाले लिहितात, ते साफ चूक आहे. ते वडवणीजवळच्या एका खेड्यात, माझ्या थोरल्या साडूंच्या गळ्यात शिजतं. निदान साडूभाऊंचं तरी तसं ठाम मत आहे. आमच्या भागातल्या साहेबांची सभा म्हटली की पहिली घोषणा त्यांचीच. हे पद त्यांना कुणी दिलेलं नाही, त्यामुळे कुणाला काढूनही घेता आलेलं नाही. सभेच्या आदल्या दिवसापासून त्यांचं तिखट बंद, थंड पाणी बंद, आणि बायकोशी बोलणं नुसतं खुणांवर. गालात ज्येष्ठमध धरून ते ओट्यावर असे बसतात, की जणू उद्या त्यांचं दिल्लीत गाणं आहे! सख्ख्या भाचीच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी उभे होते. मंगलाष्टकं चालू असताना बाहेर सभेच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, तशा हातातल्या अक्षता शेजारच्याच्या हातात कोंबून निघाले. "लगीन काय, माझ्याबिगर बी लागतंय," म्हणाले, "सभा लागत न्हाई."

साहेबांनी पक्ष इतक्यांदा बदलला, की अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, स्वयंपाकघरात फडक्यांची टंचाई म्हणून कधी पडली नाही. भाकरीच्या टोपल्यात एका पक्षाचं उपरणं, दुधाच्या पातेल्यावर दुसऱ्याचं. साडूभाऊंना त्याचं सोयरसुतक नाही. "आपण रंगाचे न्हाईत पाव्हणं, माणसाचे हावोत." आणि तो माणूस आपल्याला ओळखतो, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. "गर्दीत तोंड दिसत न्हाई, पण आवाज सायबाच्या कानात बसल्याला हाय. येक डाव मी नसलो तर भाषण जमायचं न्हाई त्यायला." प्रत्येक सभेनंतर अक्का दारातच विचारायच्या, "आज तरी बोलला का तुमचा सायब?" यावर साडूभाऊ पाणी मागायचे.

गेल्या निवडणुकीत मीही हौसेनं त्यांच्यासोबत गेलो. साहेब नुकतेच नव्या पक्षात पावन झाले होते. वडवणीच्या बाजारतळावर मंडप होता. जेसीबीतून फुलं उधळली, त्यातली निम्मी जनरेटरवर पडली. साहेब माइकपुढे आले. साडूभाऊंनी नवं कोरं उपरणं सावरलं, छाती भरून श्वास घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं जुन्याच पक्षाच्या नावाचा पुकारा केला. तोही असा खणखणीत, की मागच्या चार रांगांनी इमानदारीत "विजय असो!" म्हणून साथही दिली.

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा साडूभाऊंकडे थेट पाहिलं. "कोण हाय बे ह्यो?" त्यांनी माइकमधूनच विचारलं. "तिकडच्यांनी धाडलेला दिसतोय. काढा त्याला बाहेर!" दोन पोरांनी साडूभाऊंना बखोटीला धरलं. हे आपलेच आहेत, असं मी ओरडून सांगत होतो, पण तोवर साहेबांचं विकासावर सुरू झालं होतं. निसटलेली चप्पल तेवढी साडूभाऊंनी वाकून उचलली.

आम्ही रिक्षानं परत निघालो. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो, त्या दिवशी मात्र मला मनापासून वाईट वाटलं. दारात अक्का उभ्याच होत्या. "आज तरी बोलला का तुमचा सायब?"

साडूभाऊ वाकून चप्पल काढायला लागले. मग मीच म्हणालो, "बोलला म्हणजे? भाषण थांबवून ह्यांची चौकशी केली! साऱ्या मंडपासमोर!" यात एक अक्षर खोटं नव्हतं.

अक्का बघतच राहिल्या. "खरंच का वो?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता पदर सावरत चहा टाकायला आत गेल्या. आतून त्या शेजारणीला हाक मारून तेच सांगत असल्याचं ऐकू आलं.

साडूभाऊंनी गळ्यातलं उपरणं काढलं, त्याची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"तोंडाचं जाऊ द्या पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "आवाज तरी वळखायचा व्हता."