आबा आणि अंतराळातले पोलीस

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजल्याचा वास आला, की मला धुळ्याजवळच्या आमच्या घरातला एक रविवार आठवतो. माझे आजोबा, म्हणजे आबा, गावचे पोलीसपाटील होते. आई अंगणात भरताची वांगी भाजत होती आणि मी टीव्हीवर एक जुनं कार्टून बघत होते. दोन पोलीस सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखे करडे चेहरे करून यानातून ग्रहाग्रहांवर चोर शोधत होते. मी हसून लोळत होते, आबा मात्र चिडले होते. "पंचनामा नही, साक्षीदार नही, अन् मानूसले धरी लई ग्यात." शेवटी धरलेला माणूस भलताच निघाला आणि ते पोलीसच गजाआड गेले. आबा ताडकन उठले. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली म्हणून सकाळपासून त्यांनी एका सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला, नुसत्या संशयावर चावडीत बसवून ठेवलं होतं. ते टोपी घालून तसेच बाहेर पडले आणि परतले तेव्हा तो सालदार त्यांच्यासोबत होता. "याले बी भरीत वाढ," आबा खाली बघत आईला म्हणाले. परवा तेच कार्टून मी माझ्या मुलीला दाखवलं. ती पोट धरून हसली. शेवट आला तशी मी मात्र दाराकडे बघत राहिले.