सासूबाईंना गोड करायचं नाही

लिहायला बसले की माझ्यातल्या दोघीजणी भांडायला लागायच्या. एक म्हणायची, झालं तसं लिही. दुसरी म्हणायची, सासूबाई आतल्या खोलीत झोपल्यात, जरा लाज बाळग.

प्रकरण तसं साधं. लग्न होऊन भाईंदरच्या या घरात आले तेव्हा मी कथा लिहायचे. एकदा ऑफिसातून परतले, तर माझी लिहिलेली पानं सासूबाईंनी स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरलेली. त्यांवर हळदीचे, तेलाचे डाग. मी काही बोलले नाही, पण त्यानंतर कित्येक वर्षं लिहिलंही नाही. आता पुस्तक लिहायला घेतलंय आणि ते त्या पानांपासूनच सुरू व्हायला हवं. पण माझ्या आजारपणात जी बाई रात्र रात्र उशाशी बसली, तिला चव्हाट्यावर कशी आणायची? मग मी त्यांना मऊसूत करून टाकलं. कागदावरच्या सासूबाई इतक्या प्रेमळ झाल्या, की वाचताना माझीच चिडचिड व्हायची. असल्या खोट्यावर पुस्तक उभं राहणार नव्हतं.

शेवटी ठरवलं, त्यांनाच सांगायचं. नको म्हणाल्या तर भांडायचं, पण लिहायचंच.

रविवारी बिरड्याचा बेत होता. केबिन रोडवरून आणलेल्या वालांना छान मोड आले होते. परात मधोमध ठेवून आम्ही दोघी सोलायला बसलो. वाल सोलताना मान खाली राहते, त्यामुळे अवघड बोलायला ती वेळ बरी. मी सगळं सांगून टाकलं. पानांचं, डागांचं, मग थांबलेल्या लिखाणाचं. माझा आवाज चांगलाच चढला.

"मला वाटलं, विसरलीस," त्या म्हणाल्या.

"नाही विसरले, आई. आणि मी ते लिहितेय."

"लोक नावं ठेवतील मला."

"ठेवतील."

त्यांनी परातीतले आणखी मूठभर वाल पुढ्यात ओढले. मी शब्द मागे घेतला नाही.

"मग अर्धंच लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "अंथरायच्या आधी सगळी वाचली होती मी. चांगली होती गं. नोकरी करतेस, पगार आणतेस, वर हेही येतं तुला. हेवा वाटला मला. मला नुसतं घर आवरता यायचं, म्हणून आवरून टाकली."

मला रडूच फुटलं. राग गेला नव्हता. पण इतकी वर्षं मी धरून चालले होते, की माझं लिखाण त्यांना रद्दी वाटलं. तेवढ्यावर मी लिहिणं सोडलं होतं!

"ऊठ आता. उरलेले मी सोलते."

मी हात धुऊन टेबलाशी गेले. मऊसूत सासूबाईंची पानं फाडली आणि नवं पान घेतलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "हेव्याचं गाळू नकोस हं. नाहीतर मी नुसतीच दुष्ट दिसेन."

गाळलं नाही. पुस्तक तिथूनच सुरू केलं.