आतले साहेब

आमच्या ऑफिसला दोन दारं आहेत. पुढचं लोकांसाठी, मागचं आमच्यासाठी. सोमवारी आणि गुरुवारी आमदार लोकांना भेटतात. त्या दिवशी सकाळी आठपासून पुढच्या खोलीत माणसं जमायला लागतात, मी वहीत नाव आणि काम लिहून घेते, आणि आमदार येऊन बसले की एकेकाला किंवा एकेका मंडळाला पुढे सोडते. अकरा वर्षं झाली या कामाला. माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मी त्याचं काम ओळखते. मुलाच्या नोकरीसाठी आलेला खुर्चीच्या काठावर टेकतो. गटाराची तक्रार घेऊन आलेला ऐसपैस बसतो, कारण त्याच्या पाठीशी अख्खी गल्ली असते.

ही गोष्ट मागच्या दाराने येणाऱ्या एका माणसाची आहे. माझ्या वहीत त्याचं नाव कधी चढलं नाही. ऑफिसात आम्ही त्याला ‘आतले साहेब’ म्हणायचो, आणि साहेब तर तो मुळीच नव्हता.

त्याचं मूळ काम निवडणुकीत भोंग्याच्या गाडीत बसून घोषणा देण्याचं. पस्तिशीचा, शिडशिडीत, मान खाली घालून चालणारा. समोर उभं राहून बोलायला लागला की पहिल्याच अक्षराला अडकायचा. ‘बाई, प... पाणी’ एवढं म्हणेपर्यंत मी पेला भरून त्याच्या पुढ्यात ठेवलेला असायचा. पण हातात कागद द्या, नाहीतर दुसऱ्या कुणाचा आवाज काढायला सांगा, की जीभ अशी सुटायची की ऐकत राहावं. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीने वाढवलं. शाळेत पोरं त्याची नक्कल करायची. घरी मात्र ताई हातातलं काम बाजूला ठेवून म्हणायची, "पूर्ण बोल. मी कुठे जात नाही." हे त्यानेच मला सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, आणि खरं सांगते, मधे दोनदा मीच त्याचं वाक्य पुरं करून टाकलं. मला तेवढा धीर नाही.

पूर्वी आमदार लोकांसमोर खऱ्याच अधिकाऱ्यांना फोन लावायचे. चार वर्षांपूर्वी एका सोमवारी निवृत्त मंडळींचा संघ पाण्यासाठी आला होता, चांगली तीस माणसं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आमदारांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून कुणीतरी विचारलं, "कोण आमदार?" तीस माणसं छताकडे पाहू लागली. एका म्हाताऱ्याला हसू आवरेना. त्याच दुपारी मागच्या खोलीत एक फोन बसला.

मागची खोली म्हणजे अडगळच. जुन्या प्रचाराचे फलक, मोडक्या खुर्च्या, फायलींचे गठ्ठे. त्यात एक टेबल, एक फोन, पाण्याची बाटली आणि भिंतीला चिकटवलेली खात्यांची यादी. आमदार पुढे म्हणायचे, "लावा हो पाणीपुरवठ्याला," की मी माझ्या टेबलावरून आतला नंबर फिरवून त्यांच्या फोनला जोडून द्यायची. म्हणजे यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकते. आतून उत्तर यायचं, "नमस्कार आमदारसाहेब, बोला." पाणीवाले साहेब नाकात बोलायचे, वीजवाले घाईत, आरोग्यवाले नुकतेच झोपेतून उठल्यासारखे. एकदा मात्र पंचाईत झाली. आमदारांनी विचारलं विजेच्या खांबांचं आणि आतून आरोग्यवाल्यांचं उत्तर आलं, "साठा संपलाय साहेब, पुढच्या आठवड्यात सगळ्यांना टोचून घेऊ." पण समोर बसलेले दुकानदार संघाचे अध्यक्ष मान हलवून म्हणाले, "हल्ली सगळी खाती एकाच सुरात बोलतात बघा."

सुरुवातीला यात फार मोठं पाप होतं असं मला वाटत नाही. फोन खोटा, पण पत्र खरं असायचं. सकाळी आतले साहेब जे बोलायचे त्याचं पत्र मी दुपारी टाइप करायची, आमदार सही करायचे, संध्याकाळच्या आत ते खऱ्या कचेरीत पोचायचं. पण लोक फोनवरच खूश होऊन जायला लागले. मग पत्राची कुणाला निकड? माझ्या टेबलाच्या खालच्या खणात सही न झालेली पत्रं साठत गेली. आतल्या साहेबांचा मात्र एक नियम होता. ‘बघतो’ म्हणायचे, ‘आठ दिवसांत माणूस पाठवतो’ म्हणायचे, ‘नक्की’ कधी म्हणायचे नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाला, "न... नक्की म्हटलं की ते खोटं होतं, बाई." मग आधीचं काय होतं, हे मी विचारलं नाही.

बहिणीला त्याने सांगून ठेवलं होतं की आमदारांच्या कृपेने इंजिनीअरच्या कचेरीत चिकटलोय, पक्की नोकरी आहे. माणूस आपल्या घरी जरा मोठा होतोच. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एका गुरुवारी सात-आठ बायका आल्या. पुढे होती ती सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची, पदराला दुधाचा वास असलेली, पाळणाघर चालवणारी. तिची खोली एका गोदामाच्या भिंतीला लागून. भिंतीला तडा गेला होता, वरचा भाग खोलीच्या पत्र्यावर झुकत चालला होता. बरोबरची एक म्हणाली, "माझा नवरा गवंडी आहे. त्याने ओळंबा सोडून पाहिला, वीतभर बाहेर आलीय." सांभाळायला अकरा मुलं, आणि दुपारी बाराला त्यांना निजवायला जागा तेवढीच, त्या भिंतीच्या पायथ्याशी.

"लावा इंजिनीअरला," आमदार म्हणाले. मी नंबर फिरवला.

"गोदामाची भिंत ना?" आतून रुबाबदार, जाडा आवाज आला. "आठ दिवसांत माणूस पाठवतो."

एवढ्यावर बायका उठतात. ही उठली नाही. फोनकडे टक लावून पाहत राहिली, मग पुढे वाकली. "साहेब, अकरा मुलं आहेत हो. सगळ्यात धाकटं आठ महिन्यांचं. नक्की पाठवाल ना?"

आमदारांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आवाज आला, तसाच जाडा, तसाच सरळ. "नक्की." आणि फोन ठेवला गेला.

जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली. डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. "बाई, कुणाला सांगू नका हं, लोक म्हणतील ओळखीने काम करून घेतलं. फोनवर बोलला ना, तो माझा भाऊ. इंजिनीअरच्या कचेरीत आहे. भोंग्यावर तो लिहिलेलं वाचायचा हो, इथे तर विचारलेल्याला उत्तर दिलं. एकदासुद्धा अडखळला नाही." बाहेर पायऱ्यांवर बाकीच्या बायका म्हणत होत्या, सोमवारी मुलं घेऊन इंजिनीअरच्या दारात बसू. हिने त्यांना थांबवलं. "आता गरज नाही. आणि मी ती दुसरी खोली बघत होते ना, तिच्या मालकालाही नको म्हणून कळवते. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पुढचा नंबर सोडला.

दुपारी तो मागच्या पायरीवर बसलेला दिसला. मी लगेच भिंतीचं पत्र टाइप करून त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन आमदारांकडे गेला. आमदार माणूस वाईट नाही, नाहीतर मी अकरा वर्षं टिकले नसते. पण ते म्हणाले, "अरे, गोदामवाला आपला माणूस आहे. आपले फलक, खुर्च्या सगळं तिथेच तर असतं. निवडणूक होऊ दे. भिंती काय एका दिवसात पडतात?" पत्र तसंच परत आलं. शुक्रवारी तो ते बिनसहीचंच घेऊन खऱ्या कचेरीत गेला. तिथला शिपाई चांगला होता म्हणे, बसायला सांगितलं, पाणी दिलं. पण खऱ्या इंजिनीअरसमोर उभा राहिल्यावर याची गाडी ‘भ’च्या पुढे जाईना. इंजिनीअरने कागद उलटसुलट केला, "सही आणा" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. चार वर्षं ज्याच्या नावाने बोलला, त्याच्यापुढे याला एक शब्द फुटला नाही.

"मग ताईला सांगून टाक," मी म्हटलं.

रविवारी तो तिच्याकडे गेला. तड्यात मुलांनी बोटं घालू नयेत म्हणून तिने वरून त्यांच्या चित्रांचे कागद चिकटवले होते. ती जेवायला वाढत होती, हा ताटावर बसून सुरुवात करत होता. "ताई, भ... भ..." तर तिने हसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "भिंतीचंच ना? माहीत आहे रे मला. घरी बोलायची सक्ती नाही. तिथे बोललास तेवढं पुरे." जन्मात पहिल्यांदा ताईने त्याचं वाक्य पुरं केलं होतं. तो जेवला आणि परत आला.

सोमवारी हे सांगताना तो रडला. मी म्हटलं, आज मीच जाऊन सांगते. संध्याकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेही. तिथून ती भिंत दिसते. मग मनात आलं, आमदारांच्या कानावर गेलं तर? घरात कमावणारी मी एकटी. तशीच मागे फिरले. मंगळवारी गेले नाही, बुधवारीही नाही. रोज दुपारी बारा वाजले की घड्याळाकडे बघायची आणि मला माझीच लाज वाटायची.

गुरुवारी ती आली. मुलांजवळ शेजारणीला बसवून, गवंड्याच्या बायकोला घेऊन. नववा नंबर. मागच्या वेळी खुर्चीच्या काठावर होती, आज पाठ टेकून बसली. खोलीत चाळीसेक माणसं असतील.

"अजून माणूस आला नाही?" आमदार म्हणाले. "हे बरोबर नाही. लावा इंजिनीअरला."

मी नंबर फिरवला. घंटी वाजली. फोन उचलला गेला. ‘नमस्कार आमदारसाहेब’ आलं नाही. नुसता श्वास ऐकू आला, आणि मग, "त... त..."

"लाइन खराब दिसते," आमदार म्हणाले आणि फोन बंद करायला त्यांनी हात पुढे केला. त्याआधी ताईचा हात फोनवर पडला होता.

"थांबा," ती म्हणाली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ती फोनवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "पूर्ण बोल. मी कुठे जात नाही."

तो बोलला. "ताई, मी इंजिनीअरच्या कचेरीत नाही. माणूस येणार नाही. मुलांना तिथून हलव." मी इथे एका दमात लिहिलं, त्याला केवढा तरी वेळ लागला. प्रत्येक शब्द दाराशी अडत होता, परत येत होता. मागच्या खोलीचं दार पातळ आहे, एरवी तो फोनला तोंड लावून हळू बोलायचा, आज त्याला ते भान नव्हतं. त्याचा आवाज फोनमधून येत होता आणि दारातूनही. एकेक करून सगळ्या माना त्या दाराकडे वळल्या. कुणी हसलं नाही, कुणी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. मीही नाही.

ताई उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कुठे आहे?"

मी दार उघडून दिलं. तिने फलक पाहिले, मोडक्या खुर्च्या पाहिल्या, भिंतीवरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तो फोन हातात धरूनच उभा होता. मला वाटलं, आता ती त्याच्या मुस्काटात मारणार. एक मारायलाच हवी होती, आणि दुसरी मला.

"आठ दिवस मी त्यांना तिथेच निजवलं," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर."

तो तोंड उघडून काहीतरी सांगायला लागला. या वेळी ती थांबली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. "साडेअकरा झाले. बाराला मुलं निजतात. चल, पाळणे उचलायला माणूस लागेल."

ती पुढे, तो मागे, असे दोघं पुढच्या दाराकडे निघाले. चार वर्षांत तो त्या दाराने कधी गेला नव्हता. माणसं पाय आखडून वाट देत होती. गवंड्याची बायको उठली, तिच्यामागून आणखी दोघं-तिघं उठले.

"बाई, पुढचा नंबर सोडा," आमदार म्हणाले.

मी वहीत पाहून दहावा नंबर पुकारला. कुणी पुढे आलं नाही.