पाच बंबांचं गाव

शनिवार, ४ सप्टेंबर २००४. इथे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनच्या मराठी मंडळाच्या बैठकीसाठी पोहे भिजवत होते. पुणेकरांना आणि नागपूरकरांना यंदा गणपती वेगळे हवे होते, मला एकच. म्हणून शेजारच्या जर्मन काकांना बोलावलं. त्यांचं तिकडचं छोटं शहर सरकारनं पाच खेडी जोडून केलं. ते मात्र इथल्या पत्रपेटीवरही आपल्या खेड्याचंच नाव लावतात. तरी फुटीचे तोटे सांगतील, असं वाटलं.

"आमची अग्निशमन दलं अजून पाच आहेत," बैठकीत ते छाती फुगवून म्हणाले. "आग लागली की पाचही बंब शर्यतीनं येतात. एकच असता, तर निवांत आला असता."

"हेच तर म्हणून राहिलो ना भाऊ आम्ही!" नागपूरकर ओरडले. पुणेकरांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठा हॉल रद्द करून दोन लहान ठरवले.